सत्तर हजारांत गेमिंग संगणक : पैसे कोणत्या भागावर घालावेत?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. माझ्या भाच्याने संगणक अभियांत्रिकीला प्रवेश घेतला असून त्याला घरी वापरण्यासाठी सुटे भाग जुळवून केलेला गेमिंग संगणक हवा आहे. मॉनिटर धरून सत्तर हजारांच्या वर जाता येणार नाही. कीबोर्ड आणि माउस घरात आहेत. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ आणि जीटीए ५ हे त्याचे नेहमीचे खेळ. अधूनमधून एखादा नवा, जड खेळही त्याला खेळायचा आहे आणि अभ्यासाचे प्रोग्रामिंग तर आहेच.

आमच्या सांगलीतल्या एका दुकानदाराने पुढील कोटेशन दिले आहे : आय७ प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएससह (सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यासह) आरजीबी म्हणजे रंगीत दिव्यांची कॅबिनेट आणि २२ इंची मॉनिटर. एकूण अठ्ठेचाळीस हजार. बावीस हजार वाचत असल्यामुळे घरची मंडळी खूश आहेत, भाच्याचे मन मात्र मानत नाही. कोणत्या भागावर हात सैल सोडावा आणि कुठे आखडता घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निनाद_ठाणे

हे कोटेशन कृपया स्वीकारू नका. एच६१ हा चिपसेट (मदरबोर्डचा कारभार पाहणारी चिप) इंटेलने २०११ मध्ये आणला आणि त्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचेच प्रोसेसर बसतात. म्हणजे तुम्हाला देऊ केलेला आय७ फार तर २०१२ सालचा, बहुधा एखाद्या कार्यालयाने मोडीत काढलेल्या संगणकातून आलेला असणार. मदरबोर्ड तेवढा नव्याने बनवलेला आणि खोक्यात बंद असतो, त्यामुळे ग्राहकाला सगळेच नवे वाटते. पिढी सांगितल्याशिवाय नुसत्या 'आय७'ला काही अर्थ नाही. बाराव्या पिढीचा आय३-१२१००एफ हा तितक्याच चार कोर (काम करणारे गाभे) आणि आठ थ्रेडांचा (एका वेळी चालणाऱ्या कामांचा) प्रोसेसर त्या जुन्या आय७ला आरामात मागे टाकतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. त्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतरीत्या चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. व्हॅलोरंटला तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी लागतात. म्हणजे ज्या खेळासाठी एवढा खटाटोप, तोच सुरू होण्याची खात्री नाही.

४ जीबीच्या कार्डाचे पूर्ण नाव विचारून घ्या. जीटी ७३० निघाले, तर ते २०१४ सालचे कार्ड आहे. मेमरी किती आहे यावरून कार्डाचा वेग कळत नाही. ती मेमरी किती रुंद मार्गाने जोडली आहे आणि मूळ चिप कोणती आहे, यावर सगळे अवलंबून असते.

वैदर्भी

निनाद यांच्याशी शंभर टक्के सहमत. अठ्ठेचाळीस हजारांत दुकानदाराचेच भले होणार आहे.

अनघा_कोथरूड

माझ्या मते सुरुवात प्रोसेसरपासून न करता मॉनिटरपासून करावी, कारण बाकीचे सगळे त्यावरून ठरते. तुमच्या रकमेत १०८० पिक्सेल, २४ इंच, आयपीएस पॅनेल (रंग चांगले दाखवणारा पडदा) आणि १४४ ते १८० हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर योग्य ठरेल. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक हे हलके खेळ असून तिथे दर सेकंदाला जितक्या जास्त फ्रेम दिसतील तितके लक्ष्य साधणे सोपे जाते. कोटेशनमधला २२ इंची मॉनिटर ६० किंवा ७५ हर्ट्झचा असावा. त्यावर दोनशे फ्रेम काढून देणाऱ्या संगणकाचाही फारसा उपयोग होत नाही.

मॉनिटरला नऊ-दहा हजार बाजूला काढले की साठ उरतात. त्यांतले बावीस ते चोवीस हजार ग्राफिक्स कार्डाला द्यावेत, चारेक हजार चांगल्या एसएमपीएसला द्यावेत आणि उरलेल्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी व कॅबिनेट बसवावे. मदरबोर्ड आणि कॅबिनेट यांवर हात आखडता घेतला तर खेळात काही फरक पडत नाही. रंगीत दिव्यांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. आज तीन हजार वाचवून दुय्यम कार्ड घेतले, तर त्याची उणीव पुढची चार वर्षे रोज जाणवते, याउलट मदरबोर्ड महागातला आहे की साधा, हे खेळताना कुणाच्या ध्यानातही येत नाही.

जुना_सर्किटवाला

अनघाताईंनी एसएमपीएसचा उल्लेख केला, त्याविषयी सविस्तर लिहितो. दुरुस्तीच्या व्यवसायात आयुष्य गेल्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

कॅबिनेटबरोबर 'फुकट' येणारा एसएमपीएस हातात घेऊन पाहा. आधी त्याचे वजन पाहा : तो पोकळ डब्यासारखा हलका लागतो, कारण आतले ट्रान्सफॉर्मर, कॉइल आणि उष्णता शोषणाऱ्या पट्ट्या यांतच काटकसर केलेली असते. मग मागची बाजू पाहा. तिथे ११५/२३० लिहिलेला छोटा लाल खटका असेल, तर आतली रचना जुनी आहे आणि ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचण्याची सोय) नाही असे समजावे. शेवटी बाजूचे लेबल वाचा. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलेले असते, परंतु १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलेले आढळले, तर बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅटच. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सर्व वीज याच १२ व्होल्टच्या तारेतून घेतात. खरा आकडा तो.

आता तुमचा हिशेब. उदाहरणादाखल आय५-१२४००एफ हा प्रोसेसर आणि आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड धरू. आय५-१२४००एफ कमाल ११७ वॅट घेतो, आरएक्स ६६०० साधारण १३२ वॅट घेते, मदरबोर्ड, एसएसडी आणि पंखे मिळून आणखी पन्नास धरा. बेरीज तीनशेच्या आसपास येते. क्षणिक उसळी आणि पुढचे कार्ड लक्षात घेता ८० प्लस ब्राँझ दर्जाचा (वीज कमी वाया घालवण्याचे प्रमाणपत्र असलेला), नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा आहे. ७५० वॅट हवाच असे कोणी गळी उतरवू लागले, तर ते पैसे कार्डाकडे वळवा. मात्र जुन्या चार पिनी मोलेक्स जोडणीतून ॲडॉप्टर लावून कार्डाला आठ पिनी वीज देण्याचा मार्ग कोणी सुचवला, तर स्पष्ट नकार द्या. त्या बारीक तारा तापून वितळलेल्या मी पाहिल्या आहेत.

खराब एसएमपीएस जाताना एकटा जात नाही. मदरबोर्ड आणि कार्ड यांनाही सोबत नेतो.

मिलिंद_औंध

काकांच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली आहे. मात्र प्रोसेसरच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. आय५-१२४००एफ काय किंवा रायझन ५ ५६०० काय, दोन्ही २०२२ सालचे आहेत आणि दोन्हींची वाट पुढे संपते. त्याऐवजी एएमडीच्या एएम५ सॉकेटवरचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवण्याची जागा) रायझन ५ ७५००एफ घ्यावा. २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही एएम५ चालू ठेवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. एएम४ या आधीच्या सॉकेटचा इतिहास पाहा : २०१७ साली बी३५० मदरबोर्ड घेतलेल्या लोकांना पाच वर्षांनी केवळ बायोस (मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसर बसवता आले. मदरबोर्ड आणि रॅम न बदलता एवढी मोठी झेप घेता येणे ही मध्यमवर्गीय कुटुंबासाठी साधी गोष्ट नाही. विद्यार्थी आहे, दोन-तीन वर्षांत पहिला पगार येईल. तेव्हा त्याला फक्त प्रोसेसर बदलू द्या.

निनाद_ठाणे

मिलिंद, तत्त्व म्हणून तुमचे म्हणणे मान्य आहे. वर्षभरापूर्वी मीही हेच सुचवले असते. परंतु एएम५ वर फक्त डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅम चालते आणि २०२५ च्या अखेरच्या महिन्यांपासून रॅमचे भाव भडकले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठीचा क्रुशल हा आपला व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले. आधीच्या पिढीच्या डीडीआर४ चेही उत्पादन कंपन्या कमी करत असल्याने ती पूर्वीसारखी स्वस्त राहिलेली नाही हे खरे, पण या रकमेत मदरबोर्ड आणि रॅम मिळून होणारा फरक थेट ग्राफिक्स कार्डाच्या वाट्यातून जाईल. कार्ड एक पायरी खाली आणून भविष्याची सोय करावी हे मला पटत नाही. भाच्याला खेळायचे आहे ते यंदा.

शिवाय १२४००एफची वाट अगदीच बंद नाही. त्याच एलजीए १७०० सॉकेटवर तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे आय५ बसतात. त्या दोन पिढ्यांच्या वरच्या प्रोसेसरांमध्ये अस्थिरतेची तक्रार आली होती आणि इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) सुधारणा दिल्या, म्हणून पुढे असा बदल कराल तेव्हा आधी बायोस अद्ययावत करून घ्यावे. बाराव्या पिढीला तो त्रास नव्हता.

मिलिंद_औंध

रॅमच्या भावाचा मुद्दा मान्य. तरीही घरात कोणाकडे वापरात नसलेली डीडीआर४ रॅम आहे का, हे कृष्णाकाठ यांनी आधी तपासावे. असेल तर माझा आग्रह मी आनंदाने सोडतो. नसेल तर दोन्ही कोटेशने मागवून फरक किती पडतो ते पाहावे आणि मगच ठरवावे.

सोलापूरकर_प

आत्ता ग्राफिक्स कार्ड घेऊच नये, असे सुचवतो. रायझन ५ ५६००जी घ्यावा, त्यात अंगभूत ग्राफिक्स असते. हलके खेळ त्यावर नीट चालतात. वर्षभराने पैसे जमले की कार्ड घ्यावे.

अनघा_कोथरूड

पंचेचाळीस हजारांचे बजेट असते तर तुमचा सल्ला मी उचलून धरला असता. इथे मात्र कार्डापुरते पैसे आहेत. ५६००जी चे नाव ५६०० सारखे असले तरी त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि पीसीआयई (कार्डाला जोडणारा मार्ग) ४.० ऐवजी ३.० आहे. उद्या कार्ड लावल्यावर तोच प्रोसेसर ५६०० पेक्षा मागे पडतो. त्यावर आरएक्स ६५०० एक्सटीसारखे त्या मार्गाच्या चारच लेन वापरणारे कार्ड बसवले, तर नुकसान आणखी वाढते. अंगभूत ग्राफिक्स वापरायचेच असेल, तर रॅमच्या दोन पट्ट्या लावणे अनिवार्य समजावे, कारण ते ग्राफिक्स रॅमच्याच मार्गाने श्वास घेते.

टेक्सासकर

मी मार्चमध्ये पुण्याला येणार आहे. इकडे कार्ड थोडे स्वस्त पडते, आणायला माझी हरकत नाही.

निनाद_ठाणे

टेक्सासकर, तुमची आपुलकी मोलाची आहे. परंतु ग्राफिक्स कार्डाची वॉरंटी बहुतेक कंपन्या खरेदी झालेल्या देशापुरतीच देतात. कार्ड बिघडले तर ते परत अमेरिकेला कोण नेणार? दोन-तीन हजारांसाठी तीन वर्षांची निश्चिंती सोडू नये असे मला वाटते.

लॅमिंग्टनचा_फिरस्ता

वापरलेल्या कार्डांविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची (ग्राफिक्स कार्डांकडून गणिते सोडवून चलन मिळवण्याची) पद्धत बंद केली आणि त्यानंतर मायनिंगमध्ये राबलेली कार्डे ढिगाने बाजारात आली. त्यांतली बरीच आजही हातोहात फिरत आहेत. चिप सहसा ठीक असते. पंख्याचे बेअरिंग आणि मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) मात्र दमलेले असतात. वापरलेली १२ जीबीची आरटीएक्स ३०६० जड खेळांसाठी आकर्षक आहे. घ्यायचीच असेल तर विक्रेत्याच्या घरी जाऊन, संगणकाला लावून, अर्धा तास जड खेळ चालवून, तापमान आणि पंख्याचा आवाज तपासून घ्यावी. कार्डाची खरी माहिती दाखवणारे जीपीयू-झेड हे छोटे सॉफ्टवेअर सोबत न्यावे. आरएक्स ५८० म्हणून विकल्या जाणाऱ्या कार्डांमध्ये २०४८ शेडरची (चित्राची गणिते करणाऱ्या गाभ्यांची) उणी आवृत्ती पुष्कळ आहे, मूळ ५८० ला २३०४ असतात. बायोस बदलून दुसऱ्याच नावाने विकलेली कार्डेही ते सॉफ्टवेअर बऱ्याचदा पकडते.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तापकीर गल्ली, नव्या मालाचेही जीएसटीचे बिल घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरीयल क्रमांक लिहून घ्यावा. 'बिल नको असेल तर अठरा टक्के कमी लावतो' हे वाक्य ऐकले की दुसऱ्या दुकानाकडे वळावे. तसेच प्रोसेसर सीलबंद खोक्यातला आहे की ट्रेमधला (खोक्याविना सुटा), हे विचारावे. खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि १२४००एफ बरोबर पंखाही मिळतो. ट्रेमधला प्रोसेसर थोडा स्वस्त लागतो, पण पंखा वेगळा घ्यावा लागतो आणि वॉरंटी दुकानदार देईल तेवढीच.

स्नेहल_ज

अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, मग लॅपटॉप का घेत नाही? महाविद्यालयात नेता तरी येईल.

कृष्णाकाठ

स्नेहलताई, त्याच्याकडे बहिणीचा जुना लॅपटॉप आहे, महाविद्यालयाच्या कामापुरता तो चालतो. आणि पुढेमागे एकेक भाग बदलता यावा, ही त्याची स्वतःची इच्छा आहे.

वैदर्भी

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, सांगलीतही उन्हाळा काही सौम्य नसतो. समोरून काच असलेली कॅबिनेट दिसायला छान, पण तिच्यातून हवा आत जाणार कुठून? समोर जाळी, आत हवा ओढणारे दोन पंखे आणि मागे एक बाहेर फेकणारा, एवढी साधी रचना असावी. कॅबिनेट टेबलाखालच्या बंद कप्प्यात कोंबू नये. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपर्यंत तापला की आपणहून वेग कमी करतो, त्यामुळे विकत घेतलेला वेग उन्हाळ्यात हाताशी लागत नाही.

रत्नदुर्ग

कोकणातून एक पुस्ती जोडतो. एसएमपीएसच्या खालची आणि कॅबिनेटच्या मागची उघडी भोके बारीक जाळीने झाकावीत. उबेला पाली आत जातात आणि सर्किटवर चिकटून शॉर्ट करतात. पावसाळ्यात संगणक महिनाभर बंद ठेवू नये, दोन-चार दिवसांनी तासभर तरी चालू करावा म्हणजे आतली दमट हवा बाहेर पडते.

जुना_सर्किटवाला

रत्नदुर्ग यांचा मुद्दा अगदी खरा आहे. दुरुस्तीला आलेल्या एसएमपीएसमधून पाली मीही काढल्या आहेत.

अर्थिंगविषयीही लिहिणे आवश्यक आहे. अनवाणी उभे राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर संगणक बिघडला असे लगेच समजू नये. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर अगदी थोडी वीज अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंगची तारच नसेल, तर ती पत्र्यावर येऊन थांबते. तीन पिनी बोर्डात भोके तीन असली तरी मागे तारा दोनच जोडलेल्या असणे जुन्या घरांत फार आढळते. इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि अर्थ यांतले व्होल्टेज मोजून घ्या. ते २३० च्या जवळ आणि न्यूट्रल व अर्थ यांतले अगदी किरकोळ असावे.

यूपीएस घ्यायचा असेल तर घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच देतो. भर खेळात वीज गेली की तो संगणक आणि मॉनिटर मिळून जेमतेम पेलेल. १००० व्हीएचा घ्यावा. सत्तर हजारांत तो बसणार नाही, पुढच्या टप्प्यात घ्या, पण अर्थिंग पहिल्याच दिवशी तपासा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. जुन्या दुकानदाराला पिढी विचारली असता त्याने 'तिसरी' असे सांगितले, त्यामुळे ते कोटेशन बाद केले आहे. डीडीआर४ रॅम घरात सापडली नाही. मिलिंद यांच्या सूचनेप्रमाणे पुण्याहून दोन्ही कोटेशने मागवली आणि एएम५ च्या कोटेशनमध्ये कार्डासाठी फारच थोडी रक्कम उरत असल्यामुळे पुढील यादी ठरत आली आहे : खोक्यातला आय५-१२४००एफ, डीडीआर४ चा एच६१० मदरबोर्ड (जुना एच६१ नव्हे), १६ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई (जलद प्रकारची) एसएसडी, ५५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस, समोर जाळी असलेली कॅबिनेट आणि १८० हर्ट्झचा २४ इंची आयपीएस मॉनिटर. कार्डासाठी दुकानदाराने ८ जीबीची आरएक्स ६६०० आणि तेवढ्याच भावात ६ जीबीची आरटीएक्स ३०५० असे दोन पर्याय दिले आहेत. दोन प्रश्न उरतात. कार्ड यांपैकी कोणते घ्यावे, आणि रॅम १६ ची एकच पट्टी घ्यावी की ८ च्या दोन?

अनघा_कोथरूड

आरएक्स ६६०० घ्यावी, यात मला शंका नाही. ६ जीबीची आरटीएक्स ३०५० ही ८ जीबीच्या ३०५० पेक्षा चिपनेही उणी आहे. तिला वेगळी वीजजोडणी लागत नाही, ७० वॅटवर चालते, त्यामुळे कार्यालयीन जुन्या संगणकात बसवायला ती उत्तम. तुमच्याकडे चांगला एसएमपीएस असताना तो गुण उपयोगाचा नाही, वेग मात्र कमी मिळेल. इंटेलच्या १२ जीबीच्या आर्क बी५८० चा भाव आवाक्यात आला तर तिचाही विचार करा. फक्त तिच्यासाठी बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असणे गरजेचे आहे.

मिलिंद_औंध

रॅमच्या बाबतीत माझे मत दोन पट्ट्यांना आहे. एच६१० वर खाचा दोनच असतात, त्यामुळे पुढे वाढवताना दोन्ही काढाव्या लागतील, ही अडचण खरी. पण दोन पट्ट्या असल्या की ड्युअल चॅनल (रॅमकडे जाणारे दोन मार्ग) मिळते आणि प्रोसेसरवर ताण देणाऱ्या खेळांत, म्हणजे तुमच्या भाच्याच्याच खेळांत, फरक लक्षात येतो. भाव उतरेपर्यंत १६ जीबी पुरतात. जुळणी झाल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारे सेटिंग) चालू करायला विसरू नये, नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा त्याहून कमी वेगाने चालत राहते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

निनाद_ठाणे

यादी उत्तम झाली आहे. जमल्यास एसएसडी १ टीबीची घ्या. आजचे बरेच जड खेळ एकटेच शंभर जीबीहून अधिक जागा घेतात, आणि ५०० जीबीत विंडोजनंतर दोन-तीनच मावतात.

जुळणीच्या दिवशी मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या मागच्या जागेत न लावता खाली आडव्या बसलेल्या ग्राफिक्स कार्डाच्या जागेतच लावा. १२४००एफ मधल्या 'एफ'चा अर्थ त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे मदरबोर्डला केबल लावल्यास पडदा काळाच राहतो आणि नवा संगणक बंद पडला असे वाटते. चित्र आल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १८० हर्ट्झ निवडा. बऱ्याचदा तिथे सुरुवातीला ६० च निवडलेले असते.